तुझ्या जागेवरचा थर्मास

बेकर्स फोर्ड, आयोवा
६ सप्टेंबर १९८८

ऑरिन,

'प्रिय' लिहीत नाही. मागच्या दोन नाताळांत मी तुला कार्डही पाठवलेलं नाही हे तुझ्या ध्यानात आलं असेल, आणि का पाठवलं नाही हेही. हे पत्र कामाचं आहे.

कॉलेजचं फुटबॉलचं स्टेडियम पाडायचं ठरलं. ग्रँट हिलच्या तुम्हा लोकांना ही बातमी आमच्या आधी कळली असेल, आमच्या घरात काय शिजतंय ते तुम्हाला नेहमीच आधी कळतं. बारा नोव्हेंबरला तुमच्याशीच शेवटचा सामना, आणि त्यानंतरच्या सोमवारी यंत्रं येणार. क्रीडाविभागाचे नवे प्रमुख ट्रास्कसाहेब आहेत. माणूस गोड आहे, बोलताना आपल्या कोपराला हात लावतो. त्यांचं म्हणणं, आपला संघ हरतो कारण स्टेडियम जुनं आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. अंगण बांधून द्यायला एक देणगीदारही मिळाला आहे.

मी चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली म्हणून शेवटच्या सामन्याच्या पुस्तिकेसाठी स्टेडियमचा इतिहास माझ्याकडून लिहून घेत आहेत. तो तुझा विषय नाही. तुझा विषय पुढे आहे.

स्टेडियममधल्या बाबांच्या दोन जागा. त्यांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेल्या. ट्रास्कसाहेबांनी असा नियम काढलाय की शेवटच्या सामन्याला ज्या घराण्याच्या जागांवर त्या घरातली माणसं बसलेली असतील, त्यांना नव्या स्टेडियममध्ये तेवढ्या जागा शेजारी-शेजारी मिळतील. जी जागा रिकामी, ती गेली. बाबा वारल्यापासून तुझ्या जागेवर माझा थर्मास बसतो. मी विचारून पाहिलं, थर्मास घरातला धरत नाहीत.

तेव्हा तू ये, बैस, सामना संपला की जा. बोलायचीही गरज नाही.

आर्डिस


२० सप्टेंबर

ऑरिन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'जागा तू घे. मला जे दिसतं ते माझ्या बाजूने दिसतं.' बस, एवढंच. सख्ख्या बहिणीला दीड ओळ लिहायची, हा गुण तू ग्रँट हिलमध्ये उचललास की धान्यकोठारावर नोकरी करताना, ते ठाऊक नाही.

तुला काय दिसतं ते मला चांगलं माहीत आहे. दर दोन वर्षांनी तुम्ही आमच्याकडे खेळायला येता. तू पाहुण्यांच्या बाजूला, बरोबर माझ्या समोर, ग्रँट हिलची ती जांभळी टोपी घालून बसतोस. मधे अख्खं मैदान. तू दुर्बीण लावतोस, मी दुर्बीण लावते. मी थर्मासचा पेला वर करते, तू टोपी उचलतोस. बाबा गेल्यानंतर तू शेजारी न बसता समोर जाऊन बसलास, तेव्हा मी बोलणं टाकलं हे खरं. पण पेला मी टाकला नव्हता. शहाऐंशीला मी पेला वर केला. तू दुर्बीण थेट माझ्याकडे रोखून बसला होतास, आणि टोपी उचलली नाहीस. मी दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा मागून विल्मा डर्कसेन म्हणाली, "अगं आर्डिस, कुणाला बोलावतेस? कॉफीवाला तिकडे नाही." त्या दिवशी मला जे वाटलं ते वाटलं. अपमान वाटला, आणि घरी येऊन मी रडलेही. आता झालं, सांगून टाकलं.

इतिहास लिहिता लिहिता एक गंमत सापडली. एकवीस साली आपल्याकडे स्टेडियम नव्हतंच. हेंड्रिक्सच्या डुकरांच्या कुरणात खेळायचे, लोक गाड्यांवर उभे राहून बघायचे. त्या वर्षी आपण एकही सामना हरलो नाही. झालं, गावाच्या अंगात आलं. युद्धात गेलेल्या पोरांचं स्मारक म्हणून त्याच कुरणावर दगडी स्टेडियम बांधायचं ठरलं, बाबांनी स्वतःच्या घोड्यांनी दगड ओढले, आणि ज्या वर्षी ते उघडलं त्या वर्षी आपण एकही सामना जिंकलो नाही. छत्तीस साली पश्चिमेचा प्रेक्षकसज्जा बांधला, पुन्हा तेच. दिवे बसवले तेव्हा तर आधी हरलो ते अंधारात होतं, नंतर उजेडात हरलो. जेव्हा जेव्हा बांधकाम तेव्हा तेव्हा पराभव. हे सगळं मी लिहिलं. ट्रास्कसाहेबांनी कोपराला हात लावून तो परिच्छेद काढला आणि त्या जागी 'दैदीप्यमान वाटचाल' असं घातलं.

आता शेहेचाळीस सालचं. तेही लिहावं लागणार, कारण ते सोडून इतिहास लिहिला तर गाव मला सोडणार नाही. तू लढाईवरून नुकताच परतलेला. ग्रँट हिलला आपण कित्येक वर्षांत हरवलेलं नव्हतं. शेवटच्या क्षणाला आपल्या पोराने चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे नेला, टचडाउन झाला, तेरा-तेरा अशी बरोबरी. आता गोलच्या खांबांमधून चेंडू लाथेने मारायचा, एक गुण, की जिंकलो. एवढंच राहिलं होतं, आणि गावाला वाटलं झालंच. सगळे मैदानात घुसले आणि विजय साजरा करायची आपली रीत म्हणून गोलचे खांबच उपटून काढले. लाथ मारायची कशातून? रेफरी म्हणाला, मग पळत न्या. पळत न्यायला गेले तो पोरगा डुकरांच्या चिखलात घसरला. जिंकलेला सामना बरोबरीत सुटला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. उपटलेल्या खांबांच्या आडव्या दांडीवर घोड्यावर बसावं तसा तू. खाली शेकडो माणसं, पण तोंड फक्त तुझं दिसत होतं. न्हाव्याने तुझे केस कापायला नकार दिला. आणि बाबा जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "त्या खांबाचा तुझ्यापेक्षा जास्त उपयोग होता." तू ताट तसंच ठेवून उठलास आणि ग्रँट हिलला निघून गेलास.

पण एक सांगते, जे मी तेव्हा बोलले नाही कारण मला तेव्हा सुचलं नाही. त्या खांबाचे तुकडे गावभर आहेत. पाद्रीबाबांच्या दाराला अडसर आहे तो त्याचाच. बँकेत काचेखाली एक आहे. विल्माच्या नवऱ्याने त्याचं लाटणं करून दिलं, आजही ती त्याच्यावर भोपळ्याच्या पायची पारी लाटते. प्रसाद सगळ्यांनी घेतला आणि पाप एकट्या तुझ्या नावावर.

हे पुस्तिकेत लिहिलं आहे. बघू ट्रास्कसाहेब काय करतात.

तू आला नाहीस तर तुझ्या जागेवर देणगीदाराचा दंतवैद्य बसणार आहे, असं कळलं. माझे दात त्यानेच बिघडवले. विचार कर.

आर्डिस


९ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'येईन. टोपी काढणार नाही.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. आपल्या सज्ज्यात जांभळ्या रंगाचं काही घेऊन कुणी बसलं नाहीये, बाबांच्या वेळेपासून. एका बाईने जांभळ्या फुलांचा स्कार्फ आणला होता तर तिला तो पर्समध्ये ठेवायला लावला, आणि ती होती पाद्रीबाबांची बायको.

तरी मी विल्माकडे गेले. आपल्या रांगेमागे तिची जागा. सज्ज्यात कायदा म्हणजे विल्मा. एक्क्याऐंशी वर्षांची आहे, गुराच्या गळ्यातली घंटा घेऊन येते आणि ती ज्याच्या कानाशी वाजवते त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत दुसरं काही ऐकू येत नाही. मी तिला म्हटलं, माझा भाऊ येतोय. ती पायची पारी लाटत होती, त्याच लाटण्याने. लाटणं थांबलं.

"कोण, तो दांडीवरचा?"

मी म्हटलं, हो, आणि ज्या दांडीवर तो बसला होता ती तुझ्या हातात आहे.

तिने लाटण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "टोपी घालू दे. पण मी त्याच्या मागे बसणार आहे एवढं त्याला कळव."

तर कळवलं. कान झाकतील अशी टोपी असेल तर बरं.

ट्रास्कसाहेबांनी शेहेचाळीसचा परिच्छेद पूर्ण ठेवला, लाटण्यासकट. त्यांना वाटलं मी विनोद केलाय.

आर्डिस


२७ ऑक्टोबर

प्रिय जॉइस,

हे तुला वेगळं पाकीट. तुझ्या नवऱ्याच्या पत्राबरोबर पडेल, तेवढं काढून घे.

काल फोनवर मी तुझ्याशी नीट बोलू शकले नाही. तू इतकं साधं सांगितलंस की मला खुर्ची शोधावी लागली. काचबिंदू, आणि तोही चार वर्षांपूर्वीच. म्हणजे शहाऐंशीला तो जी दुर्बीण माझ्याकडे रोखून बसला होता त्यातून त्याला काहीच दिसत नव्हतं. 'आर्डीची जागा कुठे आहे ते मला डोळे मिटूनही ठाऊक आहे' असं तो तुला म्हणाला, आणि तू त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून दुर्बीण सरळ करून दिलीस. आणि मी इकडे पेला नाचवत होते, आणि मग दोन नाताळ कार्ड नाही.

माझी पत्रं तूच त्याला वाचून दाखवतेस हेही मला आता कळलं. मग 'दीड ओळ' वगैरे जे मी लिहिलं ते तुलाच वाचावं लागलं. माफ कर हं.

मला माहीत आहे हे त्याला सांगणार नाही. त्याला कीव केलेली खपत नाही. माझ्यावर सोपव. मी इतकी वर्षं ग्रंथालयात पोरांच्या पोटातली गोष्ट न विचारता काढली आहे.

तू त्या दिवशी तुमच्याच बाजूला बसणार म्हणतेस ते बरोबर आहे. त्याची जागा धरून ठेव. तिथून मला दिसशील.

आर्डिस


२७ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

जॉइसचा फोन आला होता. भोपळ्याच्या पायची कृती हवी होती तिला. दुसरं काही बोलणं झालं नाही.

बारा तारखेच्या काही गोष्टी सांगून ठेवते. मी उत्तरेच्या फाटकापाशी उभी असेन. फाटकं हल्ली इतकी हलवली आहेत की कुणालाच सापडत नाहीत, मलाही नाही, तेव्हा जॉइसला तिथपर्यंत सोडायला सांग. माझा गुडघा गेला आहे. पायऱ्या झिजल्या आहेत, वर चढताना मला कुणाच्या तरी हाताला धरावं लागतं. तुझा हात लागेल. लाजू नकोस, म्हाताऱ्या बहिणीला आधार दिला म्हणून कुणी हसत नाही.

आणखी एक, मला सामना चालू असताना बडबडायची खोड लागली आहे. थर्मासशी बोलून बोलून लागली असेल. चेंडू कुठे आहे, कोण पडलं, कोण पळालं, सगळं तोंडाने चालू असतं. तुला वैताग येईल, पण मला थांबवू नकोस, थांबले तर मला खेळ समजत नाही.

शहाऐंशीच्या टोपीबद्दल मी जे लिहिलं ते विसर. त्या दिवशी ऊन तुझ्या डोळ्यांवर होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तुझी,
आर्डी


१४ नोव्हेंबर

प्रिय ऑरिन, आणि प्रिय जॉइस, कारण वाचणार तूच आहेस,

'जे झालं ते सगळं पहिल्यापासून लिहून पाठव, मला निम्मंच कळलं' असं तू गाडीत बसताना म्हणालास. निम्मं कळलं त्याला मी जबाबदार आहे. यंत्रांचा आवाज इथे स्वयंपाकघरापर्यंत येतोय, तेव्हा ते सगळं पाडून होण्याआधी लिहिते.

फाटकापाशी तू आलास. मी तुझा हात धरला आणि लंगडत निघाले. अर्ध्या पायऱ्यांवर तू थांबलास. म्हणालास, "आर्डी, तू उजव्या पायाने लंगडत होतीस, आता डाव्याने लंगडतेस."

मी म्हटलं दोन्ही गेलेत.

"जॉइसने सांगितलं ना तुला?"

मी हो म्हटलं. मागची माणसं खोळंबली होती. मग तू माझा हात आणखी घट्ट धरलास आणि म्हणालास, "मग नीट सांगायचं सगळं. घोळ घालायचा नाही." आणि आपण वर गेलो. जागेवरचा थर्मास मी उचलला आणि तू बसलास. खरं सांगते ऑरिन, त्या वेळी खाली बँड काय वाजवत होता ते मला आठवत नाही. मी रडत होते आणि तुला ते दिसणार नाही म्हणून निर्धास्त रडत होते. तू म्हणालास, "नाक पूस." तुला कसं कळलं ते तूच जाण.

सवयीने मी पेला वर केला, समोर. पलीकडून जॉइसने तुझी दुर्बीण लावली होती. तिने हात हलवला. मी तुला सांगितलं आणि तू टोपी उचललीस. उचललीस ती जरा डावीकडे, कॉफीवाल्याच्या दिशेने, पण जॉइसला पोचली.

तेवढ्यात जागा तपासणारा पोरगा आला आणि तुला नाव विचारलं. तू सांगितलंस. त्याने पुस्तिका वाचलेली असावी, तुझ्याकडे बघून म्हणाला, "ते तुम्हीच?" पुढच्या रांगेतली डोकी सगळी मागे वळली. मागून विल्मा म्हणाली, "हो, तेच. लिही आणि पुढे चल." घंटा तिने अजून वाजवलेली नव्हती.

माझं वर्णन वाईट होतं हे मान्य. तू विचारायचास चेंडू कुणाकडे, आणि मी सांगायची की त्यांच्या प्रशिक्षकाने काय विचित्र कोट घातलाय. जन्मभर सामने पाहिले पण मी माणसंच पाहत होते, असं माझ्या आता लक्षात आलं. उत्तरार्धात विल्माला ते सहन होईना. ती पुढे वाकली, तुझ्या जांभळ्या टोपीचा कान तिने हातमोज्याने वर केला, आणि आत बोलू लागली. बत्तीस नंबर डावीकडून, पडला, तीन हात पुढे, परत तोच, मूर्ख आहे. ग्रँट हिलचा संघ चांगला खेळला की तेही सांगायची, पण दात-ओठ खात. तू एकदा आनंदाने ओरडलास तेव्हा तिने पाठीत गुद्दा घातला आणि मग पुढचं सांगितलं. मला तर कुणी विचारेना. मी कॉफी ओतत बसले.

आता शेवट. चौदा-वीस असे आपण मागे, आणि घड्याळ संपता संपता आपल्या पोराने कोपऱ्यात उडी मारली. वीस-वीस. घड्याळावर शून्य. राहिली ती जादा गुणाची लाथ. सगळा सज्जा उभा राहिला आणि खालच्या रांगा कठड्यावर चढल्या. ऑरिन, तू त्या वेळी जे केलंस ते मला जन्मभर पुरेल. तू उभा राहिलास, दोन्ही हात पसरलेस आणि असा ओरडलास की घंटाही फिकी पडावी:

"कुणी खाली उतरायचं नाही."

आणि कुणी उतरलं नाही. कठड्यावर चढलेले चढलेलेच थांबले. म्हातारी माणसं तर बाकावर परत बसली. पुस्तिका न वाचलेल्या पोरांना शेजारचे सांगत होते, तोच तो, दांडीवरचा, ऐका त्याचं. बेचाळीस वर्षांत या गावात तुझं कुणी ऐकल्याची ही पहिली वेळ.

खांब जागच्या जागी, पक्के, लोखंडी. पोराने लाथ मारली. मी बघत होते आणि मला काही कळलं नाही, पण तुला कळलं. तू 'टण्ण' ऐकलंस आणि सगळ्यांच्या आधी म्हणालास, "खांबाला लागला."

लागलाच. उजव्या खांबाला लागून चेंडू परत त्या पोराच्याच पायाशी आला. पुन्हा बरोबरी. इतकी शांतता झाली की पलीकडे जॉइस खोकली ते मला ऐकू आलं असं वाटलं. आणि त्या शांततेत विल्मा डर्कसेन, जिने बेचाळीस वर्षं तुझं नाव घेतलं नाही, ती तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऑरिन, तू तेव्हा पाडलेस तेच बरोबर होतं. या मेल्या खांबांनी आपलं कधी भलं केलंय?"

आधी ट्रास्कसाहेब हसले असं म्हणतात. मला वाटतं आधी तू हसलास. मग अख्खा सज्जा हसला, आणि हरल्यासारखी बरोबरी होऊनही माणसं मैदानात उतरली. तुला विल्माने एका हाताला आणि मी दुसऱ्या हाताला धरून खाली आणलं, माझे दोन्ही गुडघे उत्तम चालत होते. खांबाभोवती गर्दी होती पण कुणी हात लावला नव्हता. थांबले होते. तुझ्यासाठी थांबले होते, ऑरिन, हे तुला दिसलं नाही म्हणून मुद्दाम लिहिते. वाट करून दिली. पाद्रीबाबा होते, ज्या न्हाव्याने तुझे केस कापले नव्हते त्याचा मुलगा होता, तुमच्या बाजूची जांभळ्या टोप्यांची चारदोन माणसंही होती. हेंड्रिक्सच्या डुकरांचा वास अजून त्या कोपऱ्यात येतो, तो तुला आला असेलच.

मी तुझा हात धरून खांबाला लावला. सगळे बघत होते. तू तो धरलास, आणि सोडलास. आणि मान वळवून म्हणालास, "रेफरी कुठे आहे? आधी त्याला विचारा, संपला का सामना?"

रेफरी तिथेच होता. पोरगेलासा माणूस, त्याला काही इतिहास ठाऊक नव्हता. तो म्हणाला, "संपला हो आजोबा. कधीच संपला."

तेव्हा कुठे तू जोर लावलास.

बाकीचं तुला ठाऊक आहे. लोखंडी होता म्हणून तासभर लागला. या वेळी लाटणं होणार नाही म्हणून विल्मा खट्टू आहे, पण तिने भोपळ्याचा पाय पाठवला आहे, जुन्याच लाटण्यावरचा. जॉइस, हवाबंद डब्यात ठेव.

ट्रास्कसाहेबांनी आज चिठ्ठी पाठवली. आपल्या दोन्ही जागा मंजूर, शेजारी-शेजारी. नवं बांधकाम आहे तेव्हा आपण पुढची काही वर्षं सगळे सामने हरणार, ते गृहीत धर. बाक मात्र नसणार, प्रत्येकाला वेगळी खुर्ची, आणि मधे हात ठेवायचा लोखंडी दांडा. मला तो मधला दांडा पसंत नाही. पहिल्याच दिवशी आपण दोघं मिळून तो उपटून काढू.

पण आधी रेफरीला विचारू.

तुझी,
आर्डी